पारा, तांब्याची पट्टी आणि एक गलाई दुकान : सोलापुरातलं एक प्रकरण

सोलापूरच्या जमिनीत धातूची खाण नाही. खाली सगळा डेक्कन ट्रॅपचा काळा पाषाण. त्यात लोह आहे, पण ते सिलिकेटमध्ये इतकं घट्ट अडकलंय की त्यासाठी भट्टी पेटवायच्या भानगडीत कुणी पडत नाही. तरीही मंगळवार पेठेत, सराफ बाजाराच्या मागच्या बोळांत, सोन्याचं 'खनिज' रोज विकत घेतलं जातं. त्याचं नाव झारा. कारागिरांच्या बाकाखालची झाडलेली माती, कानशीचा किस, पॉलिशच्या बफचा मेणचट गाळ, फुटक्या मुशींचे तुकडे, हात धुतलेल्या पाण्याच्या तळाचा चिखल, असं सगळं त्यात येतं. सोन्याच्या खाणीत टनभर दगडातून काही ग्रॅम सोनं निघालं तरी खाण चालते. तेवढं सोनं झाऱ्याच्या किलोभर मातीतही सापडू शकतं.

हे प्रकरण अशाच एका गलाई दुकानाचं आहे. विटा, खानापूर, आटपाडी आणि आपल्या जिल्ह्यातलं सांगोला या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. दुकानाचे मालकही त्यातलेच, मूळचे आटपाडीकडचे. नाव देत नाही, कारण पुढे जे लिहिलंय ते अशा कुठल्याही बोळात दिसेल. मी रसायन अभियांत्रिकी शिकवतो. शेठचा मुलगा आमच्याकडे शिकायला होता, त्या ओळखीनं ते आले. मागणी सरळ होती. "सर, पारा सोडायचाय. पण घट वाढली तर धंदा बसंल आमचा."

दुकानात दोन कामं चालतात. एक, झाऱ्यातून सोनं काढणं. दुसरं, जुने डाग, म्हणजे दागिने, गाळून शुद्ध सोन्याची लगड करणं. शेठना काळजी पहिल्या कामाची होती. माझं लक्ष मात्र दुकानात शिरल्यापासून दुसऱ्याकडे लागलं होतं, कारण मागच्या दाराच्या गटाराला निळसर हिरवी कड चढलेली दिसत होती.

पारा सुटत का नाही

पाऱ्यात सोनं विरघळल्यासारखं मिसळतं, माती बाजूला राहते. तो गोळा फडक्यातून पिळायचा, तापवायचा. पारा ३५७ अंशांना उकळून उडून जातो, सोनं मागे राहतं. उडालेला पारा जातो छपराला, भिंतीला आणि माणसाच्या छातीत. सोलापुरात यात एक जास्तीची भर पडते. २० अंश तापमानाला पाऱ्याच्या वाफेनं संपृक्त झालेल्या घनमीटर हवेत साधारण १३ मिलिग्रॅम पारा असतो. ४० अंशांना तोच आकडा ६० च्या वर जातो. अमेरिकी औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेनं कामाच्या आठ तासांसाठी सुचवलेली मर्यादा आहे ०.०२५ मिलिग्रॅम. मे महिन्यात ४२ अंशांच्या दुपारी, पत्र्याच्या छपराखाली, उघड्या वाटीत पारा ठेवला की काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. भट्टी पेटायच्या आधीच विषबाधा सुरू झालेली असते.

पाऱ्यासंबंधीचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये लागू झाला आणि २०१८ मध्ये भारतानं त्याला मान्यता दिली. त्यातलं सातवं कलम लहान प्रमाणावरच्या सोनेकामाबद्दल आहे, पण ते बोलतं खनिजातून सोनं काढण्याविषयी. बाजारातला झारा त्या चौकटीत नीट बसत नाही. त्यामुळे शेठना कुणी नोटीस दिली म्हणून ते आले नव्हते. दुकानातल्या जुन्या कारागिराचे, सगळे ज्यांना तात्या म्हणतात त्यांचे, हात थरथरायला लागले होते. वय की पारा, हे डॉक्टरांनी ठरवायचं. शेठना मात्र ते बघवत नव्हतं.

पण पारा टिकून राहायचं खरं कारण मला तात्यांनीच सांगितलं. "सर, माती घिऊन आलेला माणूस संध्याकाळी पैसं मागतो." पारा वापरला की दिवस मावळायच्या आत सोनं तराजूत पडतं. एरवी झाऱ्यात किती सोनं आहे हे कुणालाच नक्की माहीत नसतं. सराफाकडचं टंच काढायचं क्ष-किरण यंत्र लगडीवर चोख चालतं. मातीत एक कण इकडे, एक तिकडे असला की ते काहीही आकडा दाखवतं. म्हणजे पारा हा इथे जितका धातू काढायचा मार्ग आहे, तितकाच हिशेब मिटवायचाही. ही गोष्ट बाजूला ठेवून कुठलाही 'हिरवा' पर्याय या बोळात एक आठवडाही टिकला नसता.

मुलाची यादी

शेठचा मुलगा यादी घेऊन आला होता. जिवाणू, थायोसल्फेट, मक्याच्या स्टार्चपासून होणारं सायक्लोडेक्स्ट्रिन. वाचन चांगलं होतं त्याचं. पण प्रत्येक पद्धत कुठल्या ना कुठल्या खनिजाच्या खोडीवर शोधलेला उतारा असते. खोड न बघता उतारा उचलला की फसगत होते.

जिवाणूंचं घ्या. दक्षिण आफ्रिकेतल्या फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून जिवाणूंचा कारखाना चालला. तिथलं सोनं पायराइट आणि आर्सेनोपायराइट या गंधकाच्या खनिजांत कोंडलेलं. जिवाणू त्या लोहावर आणि गंधकावर जगतात, ते कवच पोखरतात आणि सोनं मोकळं होतं. आधी असं खनिज भाजावं लागायचं, गंधक आणि आर्सेनिकचा धूर आकाशात जायचा. तो टळला, हे मोठंच काम झालं. पण जिवाणू सोनं खात नाहीत. मोकळं झालेलं सोनं पुढे सायनाइडनंच काढतात. आपल्या झाऱ्यात गंधकाचं खनिज नाही, सोनं आधीच मोकळं. जिवाणूंना खायला घालणार काय? क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम नावाचा एक जिवाणू स्वतः सायनाइड तयार करतो आणि त्यानं सोनं विरघळतं, तेही यादीत होतं. जिवाणूनं केलेलं सायनाइड हेही सायनाइडच, एवढंच मी त्याला म्हणालो.

थायोसल्फेट या सोनं विरघळवणाऱ्या रसायनाची गोष्ट अशीच. नेवाडातल्या गोल्डस्ट्राइक खाणीत २०१४ मध्ये ते मोठ्या प्रमाणावर सुरू झालं, कारण तिथल्या खनिजात कार्बन होता. सायनाइडनं विरघळवलेलं सोनं तो कार्बन परत ओढून घ्यायचा. थायोसल्फेटमधलं सोनं त्याला तसं ओढता येत नाही. ही पद्धत पुष्कळदा अमोनियाच्या साथीनं चालवतात. आमच्या दुकानात शेजारच्याच टेबलावर सिल्व्हर नायट्रेटची बरणी होती. चांदीचं द्रावण आणि अमोनिया एकत्र येऊन तसेच पडून राहिले तर त्यातून स्फोटक पदार्थ तयार होतो. यादीतला हा पर्याय तिथेच कटाप केला.

सायक्लोडेक्स्ट्रिनचा शोध अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात फ्रेझर स्टॉडर्ट यांच्या प्रयोगशाळेत लागला, २०१३ मध्ये जाहीर झाला. ते द्रावणातलं सोनं साक्याच्या रूपात खाली बसवतं. सुंदर रसायनशास्त्र आहे, पण सोनं आधी ब्रोमाइडच्या रूपात विरघळलेलं असावं लागतं. आपला प्रश्न त्याच्या अलीकडचा.

आणि सायनाइड? विजापूरवरून दक्षिणेला रायचूर जिल्ह्यात उतरलं की हट्टीची खाण आहे, तिथे तेच वापरतात. ही पद्धत १८८७ पासूनची. बंदिस्त, तज्ज्ञ हाताखाली ती चालते. बांध फुटला तर काय होतं ते २००० च्या जानेवारीत रोमानियातल्या बाया मारे इथे दिसलं. सायनाइडचं सुमारे एक लाख घनमीटर पाणी वाहून तिसा नदीपर्यंत गेलं, मासे मेले. बोळातल्या दुकानात त्याचं नावही काढायचं कारण नव्हतं.

मग आमच्या खनिजाची खोड कोणती? सोनं मोकळं आहे, धातूरूपातच आहे, फक्त कचऱ्यात मिसळलंय. सोन्याची घनता १९.३, वाळूची २.६५. इतका फरक असताना सोनं विरघळवायची गरजच काय?

मावशींची परात

याच बोळात एक झारेकरीण मावशी येतात. गटाराच्या तोंडाशी बसून माती धुणं हे त्यांच्या घरातलं पिढीजात काम. दुकानात त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती. त्या दिवशी मुलानं दिली, आणि त्या ती बाजूला सारून जमिनीवरच बसल्या.

मी बघत होतो ते त्यांच्या मनगटाकडे. परात अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर. आधी दोन-तीन जोरदार हिसके, त्यात हलकी माती उसळून कडेवरून गेली. मग गती एकदम मंद. परात गोल फिरत नव्हती, अंड्याच्या आकारात फिरत होती, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी एक बारीकसा झटका. काळ्या वाळूची शेपटी मागे पडत गेली आणि पुढच्या टोकाला पिवळी रेघ उभी राहिली. रेघेच्या वर मात्र पाण्यावर काही कण तरंगत होते, लखलखीत, आणि ते पाण्याबरोबर निघून चालले होते. "हे बघ लेकरा, हेच्यासाठी पारा लागतो. तो ह्यांना धरतो."

सोनं तरंगतं कसं? बफच्या मेणानं आणि हाताच्या तेलानं कणाला ओशट थर बसतो, पाणी त्याला भिजवत नाही आणि पृष्ठताण कण वर उचलून धरतो. हा प्रश्न साबणाचा होता, पाऱ्याचा नव्हता. झारा आधी धुराड्याच्या बंद पेटीत जाळून मेण काढायचं. मग मुशींचे तुकडे खलून सगळी माती चाळायची, चुंबक फिरवून कानशीचं लोखंड वेगळं करायचं आणि परातीत रिठ्याचं पाणी वापरायचं. रिठा बाजारात होताच, दागिने धुवायला सगळे तोच वापरतात. मावशींनी रिठ्याच्या पाण्यात परात फिरवली तेव्हा तरंगणारे कण बसले. सगळे नाही, बहुतेक. त्यांनी काही कौतुक केलं नाही. "पाणी जास्ती लागतंय" एवढंच म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. धुण्याचं पाणी तीन पिंपांत क्रमानं निवळून पुन्हा वापरायची सोय मग करावी लागली.

परातीतलं जड सोनं सवागी (बोरॅक्स) आणि धुण्याचा सोडा घालून मुशीत गाळतात. सवागीमुळे मळ पातळ होऊन वर येतो. फिलिपिन्सच्या बेंगेत प्रांतात लहान खाणकामगार पाऱ्याऐवजी हीच पद्धत वापरत आले आहेत. आपल्या सोनाराला ती शिकवावी लागत नाही, सवागी त्याच्या बाकावर असतेच.

संध्याकाळच्या हिशेबाचं काय? तोड शेठनीच काढली. परातीत आलेल्या सोन्याचे पैसे त्याच दिवशी. धुऊन उरलेला बारीक गाळ वाळवून, नीट मिसळून, ढीग करून त्याचे चार भाग पाडायचे आणि समोरासमोरचे दोन घेऊन पुन्हा तसंच, असं करत नमुना काढायचा. गाळ साठला की मोठ्या रिफायनरीला पाठवायचा, आणि नमुन्याच्या कसाप्रमाणे दुसरा हप्ता द्यायचा. काही कारागिरांनी हे मान्य केलं, काही पाऱ्यावाल्या शेजाऱ्याकडे गेले. ते गिऱ्हाईक परत आलेलं नाही.

जुन्या डागांबद्दल एक गोष्ट जाता जाता. केडीएमच्या डाकात, म्हणजे दागिन्याचे सांधे जोडायच्या मिश्रधातूत, कॅडमियम असतं. ते ७६७ अंशांनाच उकळतं, सोनं वितळायच्या खूप आधी. म्हणून जुना केडीएम डाग गाळताना धुराडं चालू हवंच, पारा असो वा नसो.

तांब्याची पट्टी

आता गटाराच्या त्या निळ्या कडेकडे येऊ.

जुनं सोनं शुद्ध करताना त्यात आधी चांदी मिसळतात, इतकी की मिश्रणात सोनं साधारण एक चतुर्थांश राहावं. सोन्याचं प्रमाण जास्त असेल तर नायट्रिक ॲसिड आत शिरत नाही. वितळलेलं मिश्रण पाण्यात ओतून दाणे करतात, ते ॲसिडात टाकतात. चांदी आणि तांबं विरघळतं, तळाला तपकिरी भुगा राहतो, तेच सोनं. उरलेल्या द्रावणातून चांदी परत मिळवायला तांब्याची पट्टी बुडवतात. तांबं द्रावणात जातं, चांदी भुग्याच्या रूपात पट्टीवर बसते. चांदी झटकून घ्यायची, निळं पाणी ओतून द्यायचं. अनेक दुकानांत वर्षानुवर्षं असंच चालत आलंय.

इथे मी शेठसमोर कागदावर हिशेब मांडला. एक किलो चांदी बसवायला २९४ ग्रॅम तांबं विरघळतं. सांडपाण्यात तांब्याची कायदेशीर मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे. २९४ ग्रॅम तांबं त्या मर्यादेत आणायचं तर सुमारे ९८ हजार लिटर पाणी मिसळावं लागेल. नळाला चार-चार दिवसांआड पाणी बघितलेल्या शहरात, किलोभर चांदीमागे लाखभर लिटर. शेठना पाण्याचा आकडा ऐकून वाईट वाटलं. तांब्याचा आकडा ऐकून ते उठून बसले. "म्हंजे पावशेराच्या वर तांबं दर खेपेला गटारात?" पट्टी ते पैसे मोजून आणत होते.

दुसरा तोटा धुराचा. चांदी तीव्र नायट्रिकमध्ये टाकली की निम्मं ॲसिड तपकिरी वायू होऊन उडतं. पातळ ॲसिड वापरलं तरी चारातला एक भाग जातो. हा वायू वाईट आहे. हुंगल्यावर तेव्हा नुसता खोकला येतो, आणि काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरू शकतं. चुन्याच्या पाण्यातून धूर सोडला तर थोडा अडतो, सगळा नाही, कारण त्यातला नायट्रिक ऑक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही. त्यापेक्षा भांड्यातच पातळ ॲसिड, थंड पाण्याची कढई खाली, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबानं सोडायचं. तयार होणारा वायू तिथल्या तिथे पुन्हा ॲसिड होतो. घाई केली तर भांडं फेसाळून उतू जातं, चांदी स्वतःच पेरॉक्साइड फोडते. हे काम तात्यांच्या सवयीचं होतं. थेंब सोडायला शांत माणूस लागतो, आणि थरथरता हात नळीची चिमटी धरायला आड येत नाही.

पट्टीच्या जागी मग वीज आली. प्लेटिंगवाल्याकडून जुना रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेची डीसी करणारं यंत्र, घेतला. ऋण बाजूला स्टीलचा पत्रा, धन बाजूला प्लॅटिनमचा मुलामा दिलेली टायटॅनियमची जाळी. एका अँपियर-तासाला ४.०२५ ग्रॅम चांदी बसते, हा फॅरेडेचा नियम, त्यात घासाघीस नाही. ५० अँपियरला तासाला सुमारे २०० ग्रॅम. तीन व्होल्ट धरले तरी किलोभर चांदीला एका युनिटपेक्षा कमी वीज. आणि चांदी बसत असताना धन बाजूला नायट्रिक ॲसिड परत तयार होतं, तेच पुढच्या खेपेला वापरायचं. तांबं विकत आणायचं नाही, ओतून द्यायचं नाही.

कागदावर हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं ते दुकानात नाही. चांदी गुळगुळीत बसत नाही, तिचे काटेरी स्फटिक जाळीच्या दिशेनं वाढत जातात आणि टेकले की शॉर्ट. कुणीतरी लाकडी पट्टीनं ते खरवडत राहावं लागतं. द्रावणात चांदी फार कमी होऊन ॲसिड वाढलं की वीज चांदी बसवायचं सोडून नायट्रेट फोडायला लागते आणि पुन्हा तपकिरी धूर निघतो. म्हणून थोडी चांदी शिल्लक असतानाच थांबायचं. नळाचं पाणी तर अजिबात नाही, त्यातल्या क्लोराइडनं द्रावणाचं दूध होतं. एसीचं गळणारं पाणीही बघितलं, त्यात धूळ फार. शेवटी बॅटरीवाल्याकडून शुद्ध पाण्याचे कॅन यायला लागले. तात्यांचा आक्षेप शेवटपर्यंत होता. "पट्टी टाकली की मी जेवून येत हुतो. ह्याच्यापाशी बसूनच ऱ्हावं लागतंय." बरोबर आहे. शेठनी एक पोरगा ठेवला.

उरलेलं निळं पाणी

दागिन्यांतलं तांबं मात्र द्रावणात साठत जातंच. चांदी आहे तोवर ते बसत नाही, पण काही खेपांनंतर द्रावण गडद निळं होतं आणि त्यातला भाग काढून टाकावा लागतो. त्यात मीठ घालून उरलीसुरली चांदी काढायची. मग लोखंडाचा किस. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांचे सुटे भाग करणाऱ्या लेथवर तो पोत्यानं मिळतो, फक्त तेल धुऊन घ्यावं लागतं. २९४ ग्रॅम तांब्याला हिशेबानं २६० ग्रॅमच्या आसपास लोखंड पुरतं, ॲसिड उरलेलं असल्यानं प्रत्यक्षात जास्त जातं. लाल तांबं तळाला बसतं, भंगारवाला घेतो. वरच्या पाण्यात चुना घालून सामू साडेआठच्या पुढे नेला की लोह आणि उरलेलं तांबं गाळ होऊन बसतं.

राहतं नायट्रेट. ते चुन्यानं जात नाही, लोखंडानं जात नाही, आणि या आकारात त्याला स्वस्त उपाय माझ्याकडे नाही. गच्चीवर पसरट प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ते पाणी वाळवतात, उन्हाळ्यात सोलापूरचं ऊन हे काम झपाट्यानं करतं. जून उजाडला की ट्रे झाकून द्रावण पिंपात साठवायचं. वाळलेली खपली आणि चुन्याचा गाळ घातक कचऱ्यात मोडतो, तो रांजणगावच्या सामायिक केंद्राला जायला हवा. एका दुकानाचा माल एवढासा की त्यासाठी गाडी परवडत नाही. चार दुकानांनी मिळून पाठवायचं ठरलं तर परवडेल, म्हणून शेठनी बाजारातल्या बाकीच्यांना बोलावलं. पट्टी सोडायला काही जण तयार झाले, तांब्याचा हिशेब त्यांनाही पटला. पण सामायिक पिंप ठेवायचं कुणाच्या जागेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कागदावर नाव कुणाचं लावायचं, यावर बैठक अडली आहे.